नऊ किलो आटा, अठरा मिलिमीटर

हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या समोरासमोर. दोन्हींच्या गाद्या काढून बाजूला टाकलेल्या. एका खुर्चीवर पोळ्यांचं लाटणं, दुसरीवर पापडाचं, आणि त्या दोन लाटण्यांवर आडवा टाकलेला माझा नवा स्नोबोर्ड. बोर्डाच्या बरोब्बर मध्यावर वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोची आट्याची पिशवी. मी जमिनीवर पालथी पडून, एक डोळा मिटून फूटपट्टी वाचतेय.

लेक जिन्यावरून म्हणाली, "आई, आता पोळ्या बोर्डवर लाटणार का?"

"अठरा मिलिमीटर," मी म्हणाले आणि वहीत लिहिलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. फराळाचं काहीच झालं नव्हतं, पण हे मोजमाप झालंच पाहिजे होतं. त्याचं मूळ एप्रिलमध्ये होतं.

आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला राहतो. एप्रिलमध्ये सीझन उतरणीला लागला की इथल्या दुकानांत बोर्डांचे, बुटांचे सेल लागतात. मी चार सीझन एक जुना, कुणाकडून तरी घेतलेला १४९ सेंटीमीटरचा बोर्ड चालवत होते. छत्तिसाव्या वर्षी, लेकीला क्लासला सोडायला जाता जाता स्वतःच शिकले, त्यामुळे त्या बोर्डावर जीव होता. पण त्याच्या कडा आता इतक्या झिजल्या होत्या की धार लावणाऱ्या माणसानेच हात जोडले. दुकानातला विक्रेता म्हणाला, चार वर्षं झाली ना, आता वरच्या पायरीचा घ्या. साडेपाचशेचा बोर्ड तीनशे दहा डॉलरला. माझ्यातली सांगलीकर जागी झाली. फ्लेक्स, म्हणजे कडकपणा, दहापैकी आठ, लांबी १५७, मधली रुंदी २५४ मिलिमीटर. हे सगळे आकडे स्टिकरवर होते आणि मी वाचलेही, पण डोळ्यांपुढे नाचत होते ते फक्त ते तीनशे दहा. माझी उंची पाच फूट तीन. बोर्ड शेजारी उभा केला तर त्याचं टोक माझ्या भांगाला टेकत होतं. तेव्हा तरी कळायला हवं होतं.

लव्हलँड हा आमचा घरचा डोंगर. आय-७० महामार्गावरून तासाभराचा रस्ता, पार्किंग फुकट, आणि डेन्व्हरहून येणारी निम्मी गर्दी आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे निघून जाते. तो बोगदा डोंगराच्या पोटातून, थेट आमच्या उतारांच्या खालून जातो. वर आपण घसरतोय आणि खाली ट्रक चाललेत, हे मला अजून गंमतशीर वाटतं. तर एप्रिलच्या शेवटी तिथे नवा बोर्ड काढला आणि दोन दिवसांत चार वेळा माकडहाडावर आपटले. त्यानंतरचा आठवडा ऑफिसच्या मीटिंगा उशीवर बसून केल्या.

काय होत होतं ते सांगते. लांबून बघताना वाटतं की स्नोबोर्डर नुसता एका बाजूला कलतो आणि बोर्ड वळतो. चालवणाऱ्याला माहीत असतं की आधी पुढचा पाय बोलतो. टाचेकडून बोटांकडे वळायचं असेल तर पुढच्या पायाच्या बोटांवर भार येतो, मागचा पाय क्षणभर टाचेवरच असतो, आणि दोन पायांच्या मधला बोर्ड ओला टॉवेल पिळावा तसा जरासा पिळला जातो. त्या पिळामुळे पुढची कड आधी बर्फाला लागते आणि वळण सुरू होतं. मग मागचा पाय येतो, बोर्ड कमानीसारखा वाकतो, आणि ती कमान बर्फात गोल रेघ ओढते. माझा जुना बोर्ड अंगठ्याने नुसतं सुचवलं तरी पिळायचा. नव्याला मी अख्ख्या पायाने दाबलं, मांडीने दाबलं, शेवटी सासरच्या माणसांची नावं घेऊन दाबलं, तो ढिम्म. पाटावर उभी राहून डोंगर उतरतेय असं वाटत होतं. मग घाईने सगळं अंगच झोकून द्यायचं, तेव्हा तो एकदम वळणार, गरजेपेक्षा जास्त वळणार, आणि मागची कड अडकून मी आडवी.

पहिल्या दिवशी मी बर्फाला दोष दिला. एप्रिलमध्ये दुपारनंतर बर्फाची ओली खिचडी होते, त्यात कुठलाच बोर्ड धड चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, बर्फ टणक असताना गेले. तेव्हा दोष द्यायला बर्फ उरला नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. सगळ्यात पहिला सांगलीहून. आईला व्हिडिओ कॉलवर उशी दिसली, तेव्हा सांगावंच लागलं. ती म्हणाली, "नवीन आहे ना? मग चावणारच. तेल लाव चांगलं आणि आठ दिवस वापर. तुझ्या बाबांची कापशी चप्पल कशी मऊ केली मी? एरंडेल लावून." मागून दादाचा आवाज: "नव्या बॅटला आपण जवसाचं तेल पाजून ठोकायचो की नाही, तसं कर." दादाला मी सांगितलं की ठोकून बॅट मऊ होत नाही, उलट तिच्या तोंडाचे तंतू दाबले जाऊन पृष्ठभाग घट्ट होतो, म्हणून ती चेंडूने फुटत नाही. तो म्हणाला, "पण सुटते ना छान?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथले सल्ले जरा जास्त धोकादायक. लिफ्टवर शेजारी बसलेल्या एका पोराने सांगितलं की बोर्ड दोन ओंडक्यांवर ठेवायचा आणि मध्ये उड्या मारायच्या, वीस-पंचवीस उड्यांत सैल होतो. ऑफिसातला एक जण म्हणाला, उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागे ठेव, आपोआप नरम पडेल. एका म्हाताऱ्या स्कीवाल्या आजोबांनी शांतपणे सुचवलं की बोर्ड विकून स्की घे. त्या पिढीचा स्नोबोर्डवर राग आहेच. ॲस्पन माउंटनवर तर २००१ पर्यंत बोर्डवाल्यांना मज्जाव होता. आणि दुकानात फोन केला तर ठरलेलं उत्तर: पाच-दहा दिवस चालवा, ब्रेक-इन होईल, म्हणजे वापरून वापरून सैल होईल.

मी वालचंद कॉलेजात सिव्हिल इंजिनियरिंग केलेली बाई. पोटापाण्याला इमारतींच्या तुळया वाकतील किती याचे हिशोब करते. ओंडक्यांवर उड्या मारायचा सल्ला ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण बोर्डाच्या आत काय असतं हे मी तोवर वाचून काढलं होतं.

आत असतं लाकूड. माझ्या बोर्डात पॉप्लर आहे, आणि बहुतेकांत तेच असतं, कुठे कुठे बांबू किंवा पॉलोनिया. सप्टेंबरमध्ये हे डोंगर ज्या ॲस्पनच्या झाडांनी पिवळेधमक होतात, ती झाडं पॉप्लरच्याच कुळातली. म्हणजे मी ज्या उतारावर पडत होते, त्याच्या कडेला माझ्या बोर्डाचे चुलतभाऊ उभे होते. या लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून गाभा करतात. तो मधे सात-आठ मिलिमीटर जाड, टोकांकडे पातळ होत जातो. त्याच्या वर आणि खाली काचतंतूंचं कापड, इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून दाबून बसवलेलं. खाली प्लास्टिकचा घसरणारा तळ, कडेने पोलादी पट्टी, वर चित्रांचा पापुद्रा. काचेच्या कापडाचे धागे कुठल्या दिशेने जातात त्यावर पिळाचा कडकपणा ठरतो. नुसते उभे-आडवे धागे असतील तर बोर्ड सहज पिळतो. तिरपे, पंचेचाळीस अंशांचे धागे घातले की पिळायला कडक होतो. माझ्या बोर्डात तिरपे होते. तळाच्या माहितीत लिहिलं होतं, आणि विक्रेत्याने ते कौतुकाने वाचूनही दाखवलं होतं.

आता यात तेल कुठे घालणार? चामडं तेल पितं, कारण त्यातले तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे असतात. इथे लाकूड चहूबाजूंनी प्लास्टिक आणि काचेत बंद आहे. कुठे फट पडून आत ओल गेलीच, तर ते फुगतं आणि थर सुटायला लागतात. उन्हाचंही तसंच: इपॉक्सी तापलं की जरा ढिलं पडतं खरं, पण थंड झालं की पुन्हा होतं तसं. आणि बर्फात ते थंडच असणार. मधल्या काळात पोलाद वेगळं प्रसरण पावतं, प्लास्टिक वेगळं, आणि बोर्ड वाकडा झाला तर तो कायमचा.

उड्यांबद्दल म्हणाल तर दोन टोकांवर टेकवून मध्यावर आदळलेला भार हा बोर्ड मोडायचाच प्रयोग आहे. डोंगरावर बर्फ बोर्डाला सबंध लांबीभर आधार देतो. ओंडक्यांवर सगळा ताण एका रेषेत येतो. तिथे खालच्या थराचे धागे तुटले तर बोर्ड मऊ वाटेल, हो. मोडलेला पापडही मऊच लागतो.

दादाने मात्र एक हुशार प्रश्न विचारला. त्याच्या ओळखीत सुतार आहेत. "वरून रंधा मारला तर? एक मिलिमीटरच काढायचा."

हिशोबाने तो अगदी जवळ आला होता. घराचा वासा उभा का टाकतात, आडवा का नाही? कारण वाकायला होणारा विरोध उंचीच्या घनाने वाढतो. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट. उंची दुप्पट केली तर आठपट. बोर्डालाही हेच लागू. सात मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटर जाडी, की तोच बोर्ड जवळजवळ दीडपट कडक. म्हणजे दादाचा एक मिलिमीटर खरोखरच पुरेसा होता! फक्त तो काढायचा कुठून? वरचं काचेचं कापड मिलिमीटरभरही जाड नसतं, आणि वाकण्याचा बहुतेक ताण तेच घेतं, कारण ते मध्यापासून सगळ्यात लांब असतं. रंधा पहिल्यांदा त्यालाच सोलणार. मग उरतो तो लाकडाचा तुकडा आणि त्याला एकाच बाजूने चिकटलेली काच. तो पहिल्याच वळणात गेला असता.

या सगळ्यानंतर मनात आलं, की कडक कडक म्हणतोय, पण किती कडक? फ्लेक्स दहापैकी आठ याला काही अर्थ नाही. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने ठरवते. एकीचा सहा दुसरीच्या आठपेक्षा कडक निघू शकतो. म्हणून ती लाटणी आणि आटा. लाटण्यांमधलं अंतर ११० सेंटीमीटर. आधी नुसत्या बोर्डाची जमिनीपासूनची उंची, मग पिशवी ठेवून. तीनदा मोजलं, दर वेळी अठराच्या आसपास. मग गॅरेजमधून जुना १४९ आणला, त्याच लाटण्यांवर, तीच पिशवी. सत्तावीस.

दीडपट. मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. एवढाच फरक! मला वाटलं होतं तिप्पट निघेल.

मग राहिलेलं गणित कुठे आहे हे शोधायला कंपनीच्या यादीत माझ्या बोर्डाची ओळ काढली. तिथे शेवटच्या रकान्यात वजन होतं: ७० ते ९५ किलो. माझं वजन ५८. नवरा शेजारीच होता. त्याने यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि विवाहित माणसाला शोभेल अशा सावधपणे म्हणाला, "म्हणजे आता तुला बारा किलो वाढवायला लागणार? फराळाला लागूया का?"

बोर्ड परत करायची मुदत केव्हाच संपली होती, आणि तीनशे दहा डॉलर पाण्यात घालायचे नव्हते. तेव्हा ठरवलं की बोर्डाला हात न लावता जे बदलता येईल ते एकेक करून बदलायचं, एका वेळी एकच, आणि वहीत लिहायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लव्हलँडला बहुधा एकच पट्टा उघडा असतो, यंत्राने केलेल्या टणक बर्फाचा. तिथे दिवसभर तोच तो उतार, कंटाळवाणा, पण प्रयोगाला उत्तम.

पहिला बदल मूर्खपणाचा ठरला. नव्या बोर्डाबरोबर नवी कडक बाइंडिंग्ज, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारे पट्टे, घेतली होती. ती काढून जुन्या बोर्डाची मऊ बाइंडिंग्ज लावली. मनात साधा हिशोब: कडक अधिक मऊ, बरोबर मध्यम. झालं उलटंच. माझ्या पायाने दिलेला जोर बाइंडिंगच्या प्लास्टिकमध्येच मुरायला लागला, बोर्डापर्यंत पोचेचना. घोट्याला आराम वाटत होता, पण बोर्ड आणखीच बहिरा झाला. जेवायच्या सुट्टीत पार्किंगमध्ये, बोटं गारठलेली असताना, आठही स्क्रू पुन्हा काढले. कडक बाइंडिंग्ज परत लावली, फक्त पोटरीमागच्या पट्टीचा पुढे झुकाव दोन खाचांनी कमी केला. त्याने टाचेच्या बाजूची ती अचानक खेच थांबली. हा फायदा छोटा, पण पक्का.

दुसरा बदल पायांमधल्या अंतराचा. दुकानाने ५६ सेंटीमीटरवर लावून दिलं होतं, त्या बोर्डाच्या खुणेप्रमाणे. ती खुण अर्थातच पाऊणशे किलोच्या पुरुषासाठी. बोर्डातली भोकं दोन-दोन सेंटीमीटरवर होती. दोन्ही पाय एकेक भोक आत घेतले, ५२ झालं. इथे माझं इंजिनियरिंग आणि माझे गुडघे यांचं भांडण झालं. पुस्तकाप्रमाणे, पाय एकमेकांपासून जेवढे दूर तेवढा मधला तुकडा लांब, आणि लांब तुकडा सहज पिळतो. म्हणजे पाय जवळ घेतले की बोर्ड आणखी कडक वाटायला हवा. प्रत्यक्षात पहिल्याच वळणाला फरक कळला. आधी पाय इतके फाकलेले होते की गुडघा वाकवून बोटांवर भार देणं मला जमतच नव्हतं. मी कंबरेतून ढकलत होते. आता गुडघे मोकळे झाले, पुढचा गुडघा बाहेर, मागचा आत असं करता यायला लागलं. पुस्तकातला पिळ सहा-सात टक्क्यांनी घटला असेल, पण पिळणारी बाई दुपटीने जोरकस झाली. पुस्तकात बाईचे पाय धरलेलेच नसतात.

तिसरा बदल करायला मला फार वेळ लागला, कारण तो दिसतच नव्हता. बोर्ड मधे २५४ मिलिमीटर रुंद, बाइंडिंगच्या जागी त्याहून जास्त. माझं पाऊल २५ सेंटीमीटर. बूट घालून उभी राहिले की बोटांकडे बूट कडेच्या पार आत, आणि टाचेकडे थोडा बाहेर. कड उचलायची तर तरफ लागते, आणि तरफेचा दांडा म्हणजे कडेबाहेर आलेला बूट. माझ्याकडे बोटांच्या बाजूला दांडाच नव्हता. बाइंडिंगच्या मधली चकती फिरवून, भोकांच्या फटीत पुढे सरकवून बूट मधोमध आणला. दोन्हीकडे जेमतेम सेंटीमीटरभर बाहेर. बस्स. पण त्या दिवशी वहीत लिहिलंय: "बोटांकडचं वळण पहिल्यांदा न मागता मिळालं." कडक म्हणून मी ज्याला शिव्या देत होते त्यातला बराच वाटा रुंदीचा होता, हे तेव्हा लक्षात आलं.

कडांची धार कमी करणं हा इथला सर्वमान्य उपाय, आणि तो चांगला आहे, पण त्याने बोर्ड मऊ होत नाही, रागीटपणा कमी होतो. नोज आणि टेल, म्हणजे बोर्डाचं पुढचं आणि मागचं टोक, जिथून वर वळायला लागतात, तिथल्या कडा घासून बोथट करायच्या. मी रबरी दगडाने केलं, टोकाकडून सुरुवात करून सपाट भागात दोन-अडीच सेंटीमीटर आत येईपर्यंत. कमी करून बघायचं, चालवायचं, मग वाटलं तर आणखी. घासलेली धार परत आणायला पोलाद खर्च करावं लागतं, आणि ते आधीच जेमतेम असतं. लव्हलँडला वारा फार. वरचा बर्फ उडून जातो आणि खाली काचेसारखा टणक थर उरतो, म्हणून मधल्या भागाच्या धारेला मी हात लावला नाही. याने ते एकदम अडकून आपटणं जवळजवळ बंद झालं. उशी ऑफिसातून घरी परत आली.

बुटांचं एका वाक्यात: वरची लेस एक ओढ सैल, खालची तशीच घट्ट.

आणि तरीही डिसेंबर संपेपर्यंत मला तो बोर्ड आवडत नव्हता. चालत होता, पण नोकरी करतोय तसा.

जानेवारीत एका शनिवारी लेक आणि मी चेट्स ड्रीम लिफ्टने वर गेलो. ती आता तेरा वर्षांची आहे आणि आईसाठी थांबणं तिला कमीपणाचं वाटतं. आदल्या रात्री यंत्राने बर्फ नीट दाबून ठेवलेला, सकाळचे साडेनऊ, उतारावर कुणी नाही. ती सुसाट निघाली. मी मागे पडले, मग चिडले, मग वळणं घेऊन वेग मारायचं सोडून बोर्डाला सरळ जाऊ दिलं. आणि त्या वेगात टाचेकडे वळले तेव्हा पायाखालचा पाट अचानक कमान झाला. खरंच वाकला, मला जाणवला, आणि वळण संपताना परत सरळ होत त्याने मला पुढच्या वळणात फेकलं. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही, लेकीने ऐकलं एवढं पुरे.

घरी फोनवरच्या नोंदीत पाहिलं. नेहमी मी ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास असते. त्या वळणांत चाळीसपर्यंत गेले होते. वळणात बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पंचवीसचे चाळीस झाले की तो अडीचपट होतो. बोर्डाला जे बारा किलो हवे होते ते मी फराळाने नाही, वेगाने भरून काढले होते. म्हणून तर असे बोर्ड जोरात जाणाऱ्यांसाठी करतात: हळू गेलात तर ते तुम्हाला ओळखत नाहीत. हे वाचून कुणी नवशिका चाळीसने जाऊ नका हो. मी हेल्मेट, मनगटाचे पट्टे, सगळं घालून, रिकाम्या उतारावर, चार वर्षं पडून झाल्यावर गेले होते.

पण ही तडजोड रोजची नव्हती. सकाळचा पहिला तास मी राणी. अकरानंतर गर्दी वाढली, बर्फाचे उंचवटे झाले, झाडांमधून हळूहळू काढत न्यायची वेळ आली, की पुन्हा पाट. फेब्रुवारीत मैत्रिणीचा मऊ बोर्ड दुपारपुरता मागून घ्यायला लागले. ती पहिल्यांदा हसली, नंतर तिने बोर्ड गाडीतच ठेवायला सुरुवात केली.

मे महिन्यात, बावीस दिवस चालवून झाल्यावर, मी परत खुर्च्या मांडल्या. गाद्या काढल्या, लाटणी ठेवली, नवी आट्याची पिशवी आणली. जुनी खाऊन संपली होती; पण वजनकाट्यावर तोलून नऊ किलोच केली. मनात उत्सुकता होती, कारण सीझनच्या शेवटी बोर्ड नक्कीच नरम वाटत होता, मी ते चार जणांना सांगूनही झालं होतं.

एकोणीस मिलिमीटर. तीनदा मोजलं. एकदा साडेअठरा आलं.

ज्याला ब्रेक-इन म्हणतात ते एवढं. वाकून वाकून राळेत बारीक चिरा पडतात, धागे आणि राळ यांची पकड कुठे कुठे सुटते, आणि बोर्ड किंचित सैल होतो. ते म्हातारपणच आहे त्याचं. सुरुवातीला जरा पटकन येतं आणि मग रेंगाळतं. या वेगाने जुन्या बोर्डाच्या सत्तावीसपर्यंत पोचायला मला आठ-नऊ सीझन लागले असते, तेही तो रोज सारखाच म्हातारा होत राहिला तर. बूट मात्र खरेच ढिले झाले होते. आतलं अस्तर पायाच्या आकाराला दबलं होतं. म्हणजे चार जणांना मी बुटांचं कौतुक सांगितलं होतं, बोर्डाच्या नावाने.

जूनमध्ये ऑफिसातला नागपूरचा मित्र घरी जेवायला आला. नव्वद किलोच्या आसपासचा गडी, गेली दोन वर्षं भाड्याच्या बोर्डावर. कोपऱ्यात उभा असलेला बोर्ड त्याने हातात घेतला, टेल जमिनीला टेकवून मध्यावर गुडघा लावला, नोज स्वतःकडे ओढला, जसं दुकानात सगळे करतात.

"कडक कुठं आहे गं? मऊच आहे ना हा."

मी स्वयंपाकघरातून आमटीचा डाव हातात घेऊन बाहेर आले. त्याने परत वाकवला. बोर्ड आरामात, लाडात आल्यासारखा वाकला. इतका मी त्याला कधी वाकलेला पाहिलाच नव्हता.

दोनशेला दिला. त्याला मी वही दाखवली, पण त्याला ती नको होती. बाइंडिंग्ज ५६ वर परत नेऊन दिली आणि टोकांच्या कडा बोथट आहेत हे दोनदा सांगितलं. तो गेल्यावर आईचा फोन आला. विकला म्हटल्यावर हळहळली. "तेल लावून बघितलंस तरी का?"

माझा पुढचा बोर्ड १४८ आहे, पन्नास ते सत्तर किलोवाल्यांसाठी. ऑक्टोबरच्या सेलमध्ये घेतला, या वेळी शेवटचा रकाना आधी वाचून. घरी आल्या आल्या प्लास्टिकसुद्धा न काढता लाटण्यांवर टाकला. लेकीने न सांगता आट्याची पिशवी उचलून आणली. वहीत नव्या पानावर लिहिलंय: दिवस शून्य, पंचवीस मिलिमीटर.